मशीन तपासून राहिली

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या आत्याइतकं भित्रं माणूस सापडणार नाही, आणि हे मी अभिमानानं सांगतो. ऑटोत बसण्याआधी ती ऑटोवाल्याला ब्रेक दाबून दाखवायला लावते. कुकरचं झाकण परातीची ढाल धरून उघडते. घराला कुलूप लावून निघाली की गॅस पाहायला कोपऱ्यावरून परत येते, आणि पाहताना आपणच तो चालू केला नाही ना, या भीतीनं पुन्हा परत येते. चिखलदऱ्याला सगळे दरी पाहत होते, तेव्हा ती दरीकडे पाठ करून माझी कॉलर धरून उभी. "आत्या, मले मिशा आल्या आता," मी म्हणालो. "मिशांनं माणूस अटकून राहते का दरीत?" ती म्हणाली.

अशी ही बाई अमरावतीत इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत अत्यवस्थ लेकरांसाठी कृत्रिम फुप्फुस बनवते. लेकराचं रक्त नळीनं बाहेर आणायचं, केसांसारख्या पोकळ धाग्यांच्या जुडग्यातून नेऊन त्यात ऑक्सिजन भरायचा आणि परत अंगात सोडायचं, म्हणजे थकलेल्या फुप्फुसांना विसावा मिळतो. मोठ्यांसाठी अशी यंत्रं आहेत. लेकरांच्या वाट्याला बहुधा त्यांचंच आखूड केलेलं रूप येतं, जसे थोरल्या भावाचे कपडे. का? तर लेकरांचा बाजार लहान. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलो, आता स्वतःच छापतो. या एका वाक्यावर मी रात्रभर भाषण करू शकतो. आत्या भाषण करत नाही, घाबरते. बारीक नळीत रक्त एखाद्या कोपऱ्यात थबकतं, गोठतं, आणि ती गाठ सुटून मेंदूत जाऊ शकते. गोठू नये म्हणून औषध वाढवलं तर रक्तस्रावाची भीती. म्हणून आत्या यंत्रातून खाटकाकडचं बकऱ्याचं रक्त फिरवते, मग यंत्र उघडून भिंगाखाली कोपरान् कोपरा पाहते. गाठ सापडली की "पाह्य, म्हटलं होतं ना मी" असं इतक्या आनंदानं म्हणते, जसा काही हरवलेला नातेवाईक भेटला. एकदा तिच्या स्कूटरवर रक्ताचा डबा सांडला. चौकातल्या पोलिसानं विचारलं, "कोणाचं?" आत्या कापत म्हणाली, "बकऱ्याचं. देवाशप्पथ नाही म्हणत, मी बुद्धिस्ट हाय. पण बकऱ्याचंच."

गेल्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका रुग्णालयातून लेकरांच्या डॉक्टरांचा फोन आला. ते पुण्याचे, नुकतेच इकडे आलेले. तपासणी कुठवर आली, त्यांनी विचारलं. "मशीन तपासून राहिली, सर," आत्या म्हणाली. आमच्याकडे याचा अर्थ, मी अजून तपासते आहे. पुण्याच्या कानानं ऐकलं, मशीन तपासणीत टिकून राहिली. त्यांनी परवानगीसाठी धावपळ सुरू केली आणि दुपारी रुग्णवाहिकाच कॉलेजच्या दारात पाठवली. मी तेव्हा आत्याचा जेवणाचा डबा घेऊन तिथं गेलो होतो.

"मॅडम, मशीन द्या," ड्रायव्हर म्हणाला. "मेळघाटातली, धारणीकडची पोरगी हाय. न्यूमोनिया. व्हेंटिलेटरवरबी ऑक्सिजन पुरून नाही राहिला."

आदल्याच दिवशी आत्याला यंत्राच्या एका कोपऱ्यात गाठ सापडली होती. "नाही देत," ती म्हणाली.

मी पेटलोच. "मेळघाटातल्या लेकराच्याच वेळेस कशी तपासणी बाकी राहते, आत्या?"

"अन् पहिल्यांदा करून पाहायले मेळघाटातलीच पोरगी पायजे का तुले?" आत्या म्हणाली. "तिच्यापाशी वेळ नाही म्हणून तिले गाठ देऊ? छाप हे तुया पत्रकात."

आत्या पदर खोचून रुग्णवाहिकेत चढली. "चाल," ती मला म्हणाली. "तिच्या मायले मीच सांगतो."

अतिदक्षता विभागाबाहेर पोरीची आई बाकावर बसली होती. आत्या तिच्यापुढे उभी राहिली. "मशीन हाय माह्यापाशी. पण तिच्यात रक्ताची गाठ होते. म्हणून नाही आणली." आईनं सरकून बाकावर जागा केली. आतून यंत्राचा गजर झाला की दोघी एकदमच उठायच्या. आत डॉक्टरांनी पोरीला पालथं झोपवून व्हेंटिलेटर चालू ठेवला होता. मी आत्याकडे पाहायचं टाळत होतो, कारण मला पहिल्यांदाच तिच्याइतकी भीती वाटत होती.

पोरगी वाचली. हळूहळू, पण वाचली. लोक आत्याला म्हणू लागले, तुमचा निर्णय किती बरोबर ठरला. त्यानं ती आणखीच घाबरली. "वाचली नसती तं?" ती मला म्हणाली. "तरीबी मी हेच केलं असतं. मंग कोण बरोबर म्हटलं असतं मले?"

पोरीला दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी आत्या पुन्हा अकोल्याला गेली, मला घेऊन. पोरगी आईच्या कडेवर बिस्किट खात होती. आत्यानं तिच्या पाठीवर तळहात ठेवला. पाठ वर येत होती, खाली जात होती. आत्या हात उचलायलाच विसरली. शेवटी आईच हळूच म्हणाली, "बाई, आमची बस सुटते."