बबन पेंटरची पाठमोरी माणसं

कल्पना करा, तुमच्यासमोर मेलेल्या माणसाचा फोटो ठेवलाय. नाकात कापूस, डोळे मिटलेले. हयातीत त्याने एकही फोटो काढून घेतला नव्हता. आणि शेजारी बसलेला मुलगा म्हणतोय, "पेंटरभाऊ, कापूस काढा आणि डोळे तेवढे उघडून द्या." कुठले डोळे उघडाल तुम्ही?

बबन पेंटर त्या मुलाचेच डोळे निरखायचा आणि चित्रातल्या बापाला बसवायचा. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात त्याची खोली. आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दोन हजार तीनच्या सुमारास फ्लेक्स आला नि पाट्या गेल्या. उरली ती हाराखाली लागणारी तोंडं.

खरं तर त्याला काढायची होती जिवंत माणसं. जीन्सचे धागे कापणाऱ्या बायका, काजाबटणवाले, रिक्षात ड्रायव्हरला खेटून बसणारे. पण त्याने पेन्सिल काढली की गल्ली रिकामी. "बबन साईं, मेरा नंबर अभी नहीं आया हां!" समोरचा सिंधी टेलर मुकेश ओरडायचा आणि सगळे हसायचे.

शेजारच्या कौसाबाई तेवढ्या धीट. एके सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून त्या दारात स्टूल टाकून बसल्या. "काढ रे. मेल्यावर माझे घारे डोळे कुठनं आणशील? पोराचे तर काळे हायेत."

बबनने जीव ओतला. कपाळावरचं गोंदण, तंबाखूने फुगलेला गाल, हसरे घारे डोळे. "मेल्या, गाल कशाला दाखवलास!" म्हणत म्हातारी जाम खूश झाली. आणि श्रावण संपायच्या आत कावीळ होऊन गेली. त्याच चित्राला हार लागला.

"बघितलंत?" बबनची बायको शीला म्हणाली. "आता माझ्याकडे बघून पेन्सिल धरलीत, तर सरळ माहेरी बदलापूरला जाईन."

तेव्हापासून ती उंबऱ्यात धागे कापायला बसते ती पाठ करूनच. बबन पाठच काढतो. मानेवरचा घाम, ब्लाउजची उसवलेली शिवण, कोपराआडून दिसणारी, जीन्सच्या रंगाने निळी पडलेली बोटं. एका भिंतीला पाठमोऱ्या शीला, दुसऱ्या भिंतीवरून मेलेली माणसं टक लावून बघणारी. मधे बबन.

परवा त्याने चोरून तिचा चेहरा काढायला घेतला. नाक जमलं, ओठ जमले. डोळ्यांपाशी ब्रश अडला. एवढा संसार झाला, पण बायकोचे डोळे आठवेनात! दुसऱ्या कुणाचे बसवायला हात धजेना.

"शीला."

"काय?" ती न वळता म्हणाली.

"ब्रश खाली ठेवलाय गं. एकदा बघतेस का इकडे?"