प्रकाशला कोणीतरी विचारलं

प्रकाश मेश्राम गेल्याची बातमी मला त्याच्या घरून कळली नाही. वेस्टमीडला हॉस्पिटलमध्ये, आमच्या लॅबबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ओर्लाने ती सांगितली. ओर्ला तिथे नर्स आहे, आणि वीकेंडला माझ्या मुलीच्या टीमची कोच. "युअर प्रकाश," ती म्हणाली, "काल ऑफिसातच कोसळला. हार्ट." तिने माझा दंड घट्ट धरला होता. आणि मला पहिल्यांदा काय सुचावं? की अगं, तो 'माझा' प्रकाश राहिलेला नाही... गेल्या ऑगस्टपासून आम्ही धड बोललेलोही नाही. ते ओठांवर आलेलं मी गिळलं, आत गेले, हातमोजे चढवले आणि उरलेली सॅम्पल्स मशीनला लावली. रडू आलं नाही. राग आला. आता भांडायचं तरी कोणाशी?

प्रकाश नागपूरचा. रेल्वेच्या पुलांची डिझाइन्स करायचा. इकडे गिरावीन नावाच्या उपनगरात आमच्या मागच्याच रस्त्यावर तो आणि त्याची बायको सुजाता राहायचे. मूलबाळ नव्हतं, त्याबद्दल ते बोलत नसत, आम्हीही विषय काढत नसू. माझी इरा शाळेतल्या एका आयरिश मैत्रिणीच्या नादाने गेलिक फुटबॉल खेळायला लागली, तेव्हा माझ्या नवऱ्याच्या वीकेंडला शिफ्ट असायच्या आणि मला मोटरवेवर गाडी घालायची धास्ती. म्हणून पहिल्या मॅचला प्रकाशने आम्हाला मैदानावर सोडलं. सोडून तो परत जाणार होता. गेलाच नाही. हा खेळ म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. बॉल हातात घेऊन पळायचं, पण चार पावलांत तो आपटायचा किंवा पायावर उडवून परत झेलायचा. गोलपोस्टच्या आडव्या दांडीवरून मारला तर एक पॉइंट, दांडीखालून गोलकीपरला चुकवून मारला तर तीन. मी मैत्रिणींशी गप्पा मारत उभी होते. प्रकाश मात्र हात मागे बांधून गोलच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि घरी येताना गाडीत म्हणाला, "वैशाली, हा खेळ वाऱ्याचा आहे. ज्याला वारा कळला तो अर्धा जिंकला."

तेव्हापासून दर शुक्रवारी, जेवणं आटोपली की त्याचा फोन यायचा. उद्याच्या मॅचचं काय होईल, याचा तो हिशोब मांडायचा. समोरच्या टीमची कोणती पोरगी फक्त उजव्या पायाने मारते, मैदान कोणत्या बाजूला उतरतं आहे, दुपारी दक्षिणेकडून सदर्ली वारा सुटला तर पहिल्या हाफमध्ये कोणती बाजू घ्यायची... मी भांडी लावता लावता फोन स्पीकरवर ठेवून ऐकायचे. शेवट ठरलेला असायचा: "आपण जिंकू, पण..." आणि त्या 'पण'नंतर आणखी पाच मिनिटं. इरा शेजारून ओरडायची, "काका, जस्ट से वी विल विन!" तो हसायचा. इरा गोलकीपर झाली तीही त्याच्यामुळे. त्यानेच तिला सांगितलं, की तू घाबरत नाहीस, उशिरा उडी मारतेस, आणि गोलकीपरला तेच हवं असतं. कोपऱ्यावरच्या पार्कात तो तिला तासन्तास उंच बॉल टाकायचा. इंजिनिअर माणूस, ऑफिसच्या पॅंटवर, घामाघूम.

मैदानावर मात्र त्याचं कोणी ऐकत नसे. तो ओर्लाकडे जाऊन काही सांगायला लागला की ती "गुड ऑन या, प्रकाश" म्हणून पुढे निघायची. तिची तरी काय चूक, पंधरा पोरी सांभाळायच्या. बाकीचे पालक त्याला 'प्रोफेसर' म्हणायचे. त्यात थोडं प्रेम आणि बरीच थट्टा. तो सॉसेज भाजायला उभा राहायचा, मैदान आखायचे प्लास्टिकचे कोन उचलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायचा. क्लबचं जॅकेट सगळ्या मदत करणाऱ्यांना मिळालं, त्याला द्यायचं राहून गेलं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मला वाटलं, त्याला त्याचं काही नसेल.

गेल्या ऑगस्टमध्ये अंडर-फोर्टीनची फायनल होती. त्या शुक्रवारीही फोन आला, सगळा हिशोब झाला, आणि पहिल्यांदाच तो नुसतं "जिंकू" म्हणाला. 'पण' आलाच नाही. मी चेष्टेने म्हटलं, "काय रे, तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला, "हो गं. जिंकू आपण."

मॅच सुरू झाली आणि समोरच्या पोरींनी पहिल्यापासून एकच केलं: बॉल उंच उडवायचा, आणि इराच्या डाव्या खांद्यावर आणून टाकायचा. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. इराचा डावा हात वर जाईना. उजव्याने ती झेप घ्यायची तोवर बॉल आत गेलेला असायचा. ओर्ला ओरडत होती, मी कुंपणाला धरून उभी होते, मला काही कळेना. तीन गोल झाले. शेवटी हात मिळवताना समोरची एक मुलगी, अगदी मनापासून, इराला म्हणाली, "सॉरी अबाउट युअर शोल्डर. युअर अंकल टोल्ड अवर कोच." इराने मान वळवून प्रकाशकडे पाहिलं. तो पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता.

परतताना गाडी त्याचीच होती. तो चालवत होता, मी शेजारी, इरा मागे. घरासमोर इरा उतरून आत गेली, आणि मी दार न उघडता तशीच बसून राहिले.

"तिचा खांदा कधी दुखावला?" मी विचारलं.

"तीन आठवडे झाले. पार्कात पडली. तिने शपथ घातली होती... आईला सांगू नको म्हणाली, ती खेळूच देणार नाही."

"म्हणून मला नाही सांगितलंस. आणि त्यांना सांगितलंस?"

तो स्टिअरिंगकडे बघत होता. "डेक्लन, त्यांचा कोच... सेमीफायनलनंतर पार्किंगमध्ये माझ्याजवळ आला. म्हणाला, तू खेळ वाचतोस, मी बघतो नेहमी. तुला काय वाटतं आमच्या मॅचचं? अर्धा तास बोललो आम्ही. वैशाली, मी मुद्दाम नाही... बोलता बोलता मी पूर्ण मांडणी केली. तुला करतो तशीच."

"अरे, पण इरा होती ती!"

"हो." मग म्हणाला, "त्याने मला विचारलं गं. इतक्या वर्षांत कोणी विचारलं?"

"मी दर शुक्रवारी ऐकत होते की तुझं."

"तू ऐकायचीस," तो म्हणाला. "विचारलं कधीच नाहीस."

मी उतरले आणि दार आपटलं. पोरीने आईवर ठेवला नाही इतका विश्वास त्याच्यावर ठेवला होता, आणि त्याने तो एका कौतुकाच्या शब्दावर देऊन टाकला. वर मलाच सुनावलं. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात... कदाचित ते खरं असल्यामुळे जास्तच.

त्यानंतर फोन थांबले. इराचा खांदा फिजिओकडे महिनाभरात बरा झाला, पण पोरगी मिटली. "कशी झाली प्रॅक्टिस?" "फाइन." "दुखतंय का?" "फाइन, आई." मैत्रिणींनाही काही सांगेना. प्रकाश मला शेवटचा भेटला तो इंडियन स्टोअरमध्ये, पोह्यांच्या रॅकपाशी. म्हणाला, "यंदा सीझन लवकर सुरू होतोय म्हणे." मी "हो का" म्हटलं आणि बिलाच्या रांगेत गेले. लोक म्हणतात अशा वेळी पश्चात्ताप होतो. मला झालेला नाही. त्याने माफी मागायला हवी होती, सीझनच्या गोष्टी काढायला नको होत्या.

अंत्यविधीला आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत होतो. भंतेजींच्या मागून त्रिशरण, पंचशील म्हणताना माझा आवाज नीट निघाला. इराने यायला नकार दिला होता. शेवटच्या रांगेत डेक्लन उभा होता. बाहेर पडताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, की प्रकाशसारखा खेळ वाचणारा माणूस मी पाहिला नाही, त्या कपवर अर्धं नाव त्याचं आहे. त्याला बिचाऱ्याला मी कोण हे माहीत नव्हतं. मी "थँक यू" म्हटलं. तो आपल्या गाडीत बसून जाईपर्यंत मी हसतमुख होते. मग मात्र क्रिमेटोरियमच्या पार्किंगमध्ये एका निलगिरीच्या झाडाला टेकून मी रडले. प्रकाश गेला म्हणून रडले, आणि जाताजाताही त्याने त्यांचीच बाजू घेतली म्हणून रडले.

या शनिवारी इराची त्याच टीमशी मॅच आहे. परवा सुजाताला डबा द्यायला निघाले, तर इरा काही न बोलता गाडीत येऊन बसली. सुजाताने चहा टाकला आणि म्हणाली, "याची खोली अजून आवरली नाही मी. बघ ना." आम्ही दारात उभ्या राहिलो. टेबल, कॉम्प्युटर, पुलांची ड्रॉइंग्ज. आणि खिडकीपासून दारापर्यंत कार्पेटवर घासून घासून फिकट झालेला एक पट्टा. "दर शुक्रवारी इथे फेऱ्या मारत फोनवर बोलायचा," सुजाता म्हणाली. "मला त्या खेळातलं काही कळायचं नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे." मग तिने इराला विचारलं, "शनिवारी काय होईल गं?"

मला वाटलं, आता 'फाइन' येणार. पण ती आत गेली. त्या पट्ट्यावर उभी राहिली, मग चालायला लागली, आणि मोडक्यातोडक्या मराठीत, मध्येच इंग्लिशमध्ये, बोलायला लागली... वारा कुठून असेल, त्यांची नवीन फॉरवर्ड कशी आहे. आणि खांदा बरा आहे, पण डाव्या बाजूने बॉल आला की अजून भीती वाटते, आय जस्ट फ्रीझ. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. बोलून झाल्यावर ती एकदम थांबली आणि सुजाताकडे वळली.

"काकू, डोन्ट टेल एनीवन. प्लीज."

सुजाता प्रकाशच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "कोणाला सांगू गं? मला कोण विचारतंय!"