हातभर जागा

लातूरहून किल्लारीला जाणाऱ्या जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. गवंडी असावा, नखांत सिमेंट होतं. गुडघ्यावरचा मोबाईल तो सारखा उलटा ठेवायचा आणि लगेच सुलटा करायचा. मला त्याची चीड येऊ लागली होती.

औसा मागं पडलं आणि त्याचा हात थांबला.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"क्रिप्टोतलं. ॲपनं माझ्या पैशावर दहापट उधारी दिली होती. भाव पडला तसं त्यांनीच माझं सगळं इकून टाकलं, इचारलं बी न्हाई. आता माझं इकलं म्हणून भाव आणखी पडणार, मग दुसऱ्याचं इकणार."

थोड्या वेळानं बाहेर बघत म्हणाला, "भूकंपात आमचं घर उभंच होतं. शेजाऱ्याची भिंत त्याच्यावर आली. म्हणून दोन घरांत हातभर जागा सोडल्याबिगर मी पाया खांदत न्हाई. हितं मात्र सुचलं न्हाई."

फाट्यावर तो उतरला. मी इतका वेळ खिशात दाबून धरलेला मोबाईल काढला. तेच ॲप, तशीच उधारी. भाव खाली येत होता. त्याची भिंत आता माझ्याकडं झुकली होती.