काकूंनी टीव्ही पुन्हा लावला

आज सकाळी शेजारच्या मेश्राम काकूंनी मला हाक मारून बोलावलं. त्यांचा मुलगा फौजेत आहे, सीमेजवळच्या एका लहान शहरात. लढाई सुरू झाल्यापासून त्याचा फोन लागत नाही.

टीव्हीवर जळती छावणी दाखवत होते.

"हे तिथलंच म्हणतायत. दुसऱ्या चॅनेलवर म्हणे तिथे काहीच झालं नाही. तू लिहिणारी बाई, तूच सांग, खरं कुठलं?"

मी मोबाइलवर शोधत बसले. तो व्हिडिओ परदेशातल्या एका जुन्या आगीचा निघाला. "काकू, हे खोटं आहे," मी जवळजवळ आनंदाने म्हणाले आणि टीव्ही बंद केला.

"अच्छा. मग तिथे खरं काय झालंय?"

ते मला कुठेच सापडलं नाही. मग काकूंनी रिमोट घेतला आणि टीव्ही पुन्हा लावला.

"राहू दे गं. खोटं तर खोटं. निदान त्या शहराचं नाव तरी कानावर पडतं."

आता मी घरी आहे. भिंतीपलीकडून तो टीव्ही अजून ऐकू येतोय. तुम्ही माझ्या जागी असता, तर काकूंना काय सांगितलं असतं?