बारीक व्हायला निघाले आणि वाघीण झाले

हसणार नसाल तरच सांगते. जाऊ दे, हसा! अख्ख्या गल्लीचं हसून झालंय, तुम्हीच कशाला मागे राहता?

लॉकडाऊनमध्ये आमच्या घरी दुधाचा पूर आला होता. माझे थोरले काका, म्हणजे तात्या, म्हशी पाळतात. एरवी दूध मिठाईवाल्यांकडं जायचं, पण दुकानंच बंद! मग आई कधी बासुंदी आटवायची, कधी खवा. एवढं दूध वाया कसं घालवायचं? म्हणून मी खायचे. ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद असला की वाटी तोंडाला लावायला अडचण कसली?

मग शाळा सुरू होणार अशी बातमी आली. मी गणवेश घालून पाहिला. तो खांद्यातच अडकला. धड खाली जाईना, धड वर येईना. शेवटी आईनं ओढून काढला.

वर्गात कित्येक महिने मला कुणी पाहिलंच नव्हतं. शाळा उघडायच्या आत बारीक व्हायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच मी ठरवलं.

तात्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद. पैलवान येत नसल्यामुळं बिचारे रिकाम्या आखाड्याकडं बघत बसायचे. मी हळूच जाऊन म्हटलं, "तात्या, मला तालमीतला व्यायाम शिकवा की."

"का गं?"

'जाड झालेय' एवढं सांगायला काय झालं होतं? पण मी ओढणीचं टोक पिळत म्हटलं, "असंच."

तात्यांचे डोळे भरून आले. तिथूनच त्यांनी आईला हाक मारली, "सुमन, ऐकलंस का? आपली पोरगी पैलवान हुणार हाय!"

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं, तर तोंडाला थंडाईचा पेला लागला. बदाम, खसखस आणि म्हशीचं घट्ट दूध!

दुसऱ्या दिवसापासून पहाटे जोर-बैठका, मग थंडाई, दुपारी भाकरीवर तुपाची धार.

"तात्या, थोडं कमी वाढा ना..."

"लाजतीस काय? पैलवानानं खुराकाला लाजायचं न्हाय!"

खोटं कशाला बोलू, बैठका मारून भूकच अशी लागायची की मी लाजायचं सोडून दिलं. दंड भरले, गाल भरले. गणवेश आता खांद्यापर्यंतही पोचेना!

शाळेच्या आदल्या रविवारी तालमीनं मुलींच्या कुस्त्या ठेवल्या. तात्यांनी माझं नाव कधीच देऊन टाकलं होतं. मी वजनकाट्यावर चढले आणि डोळे घट्ट मिटले. पंचांनी काटा बघितला. बघून गप्प बसावं की नाही? त्यांनी माइक उचलला.

"पासष्ट किलोऽऽ!"

कर्णा पार चौकापर्यंत लावलेला.

त्या गटात दुसरी मुलगीच नव्हती. कुस्ती न खेळताच मी विजयी! हलगी कडाडली. तात्यांनी स्वतःचा फेटा काढून माझ्या डोक्यावर बांधला आणि पुढच्या माणसांना सांगितलं, "बघितलासा? समोर यायला कुणाची छाती झाली न्हाय!"

घरी आले तर खुंटीला नवा गणवेश. आईनं गुपचूप मोठ्या मापाचा शिवून घेतला होता. मला बघून गालातल्या गालात हसली.

सोमवारी मास्क डोळ्यांपर्यंत ओढला, दप्तर पोटाशी धरलं आणि शाळेच्या फाटकापाशी पोचले. म्हटलं, आता भिंतीकडेनं सटकायचं. तर मैत्रीण प्रज्ञा आडवी आली.

"काय गं, एवढे महिने कॅमेरा का बंद ठेवायचीस?"

"अगं, मी लाजाळू आहे ना," मी पुटपुटले.

ती माझ्याकडं बघतच नव्हती. फाटकासमोर तालमीच्या पोरांनी रातोरात फ्लेक्स लावला होता. फेट्यातली मी, दोन मजली उंच. वर 'गल्लीची वाघीण' आणि खाली, माझ्या नावापेक्षाही मोठ्या अक्षरांत, '६५ किलो'.

प्रज्ञानं या टोकापासून त्या टोकापर्यंत तो सावकाश वाचला.

"व्हय," ती म्हणाली, "दिसतंय की!"