तिसऱ्या रविवारी बाबा उभे राहिले

हे मला आत्ताच सांगायला पाहिजे, शाई सांडली तरी चालेल, अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

गोष्ट ताईच्या लग्नापासून सुरू होते. आम्ही ख्रिस्ती. आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेच्या मधेच पाळक दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, कुणाची हरकत आहे का. हरकत कुणी घेत नाही. पोरं खोकतात, म्हाताऱ्या उगाच मागं वळून बघतात, झालं.

पण आमचे बाबा सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले. दारू प्यायचे. एकदा आईवर हात उचलला, तिचा दात पडला, आणि दुसऱ्या दिवशी हुबळीच्या गाडीत बसले ते गेलेच. ना पत्र, ना निरोप. आई गिरणीत सूत गुंडाळायच्या रिळिंग खात्यात जायला लागली आणि आम्हा दोघींना तिनंच वाढवलं. त्यामुळं लग्नात ताईचा हात नवऱ्याच्या हातात मामा देणार असं ठरलेलं.

तिसऱ्या रविवारी पाळकांनी हरकतीचं विचारलं, आणि शेवटच्या बाकावरून कुणीतरी उठलं. बाबा! केस पिकलेले, कोट दुसऱ्याचा वाटावा इतका सैल. हुबळीत कुणी आमच्या सोलापूरचं भेटलं, त्याच्याकडून लग्नाचं कळलं म्हणे. ताईनं माझं मनगट असं दाबलं की माझी बांगडी फुटली. तिची होणारी सासू पुढच्या बाकावर होती, ती बहिणीला म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते? ह्या घरात कायतरी हाय." सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस लग्न मोडतो.

"हरकत न्हाई, पाळकसाहेब," बाबा म्हणाले. "फकस्त एक सांगायचं हाय. हिचा बाप मी. हिच्या आईला मारलं आन पळालो. सगळ्या मंडळीला ठाऊक हाय, म्हणून सगळ्यांदेखत माफी मागतो. लग्नात मी दाराशी उभा राहीन. आत बोलवू नका."

पाळकांनी आईकडं बघितलं. मीही बघितलं. खरं सांगते, तिनं नाही म्हणावं असं मला लई वाटत होतं.

आई उठली. पदर सारखा केला. "दाराशी कशाला? बापानंच हात द्यायचा असतो. मामा समजून घेईल." मग जरा थांबून म्हणाली, "घरात यायचं मात्र मी सांगीन तेव्हा."

कुणीतरी हसलं. पाळकांनी पुढचं गीत सुरू करायला सांगितलं.

बाहेर चिंचेखाली मी आईला गाठलं. "सहा वर्षं रडलीस, आणि एका मिनिटात माफ?"

"एका मिनिटात कुठलं? सहा वर्षं रोज मागतेय देवाकडं, की हा माणूस समोर आला तर तोंडातून शिवी जाऊ नये."

"आणि ते सगळं विसरलीस?"

"जीभ रोज त्या दाताच्या फटीत जाते गं. विसरीन कशी? प्रभूनं माफ करायला सांगितलंय, विसरायला न्हाई."

लग्न झालं. ताईचा हात बाबांनीच दिला. नंतर त्यांनी स्टेशनाजवळ खोली घेतली. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायचे, आईला लांबूनच नमस्कार करून जायचे. आठ महिने असेच गेले. आणि आज सकाळी आई मला म्हणाली, "जा, जेवायला बोलावून आण त्यांना."

लिहिताना 'बाबा' लिहिते, ते सोपं आहे. पण खोलीपाशी गेले तर तोंडातून निघेना. नुसती कडी वाजवली. "आई जेवायला बोलावतीय," मी म्हणाले.

"आन तू?"

"मी बोलवायला आलेय की."

ते हसले, चपला घालून पुढं निघाले. मी मागं. निम्म्या वाटेवर नळाचं पाणी सांडून चिखल झालेला, त्यांना दिसला नाही, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, सावकाश."

ते थांबले. मागं वळले नाहीत. मग चिखल टाळून चालायला लागले.

तुमच्या घरी असं कुणी परत आलंय का? पहिली हाक तुम्ही किती दिवसांनी मारलीत? की अजून मारलीच नाही?