गल्ल्यावरचे सरपंच

भिकूशेठचे किस्से सांगायला बसलं की घरून दोनदा फोन येतो, तरी संपत नाहीत! श्रीवर्धनच्या अलीकडे आमचं गाव, तिथं शेठचं किराणा दुकान. लोकांनी आग्रह करून त्यांना सरपंच केलं. मी त्यांच्याच पॅनेलचा मेंबर, त्यामुळे सगळं भोगलंय.

निवडून आल्यावरचं पहिलं भाषण. माणूस बरं बोलला. शेवटी सवयीनं म्हणाला, "बरं, आणखी काय देऊ?"

मागून आवाज आला, "रस्ता!"

द्यावा लागला.

*

गटाराचं काम चाललं होतं. शेठनी तिथली एक वीट उचलली आणि दुकानात आणून काट्यावर ठेवली.

ठेकेदार वैतागला. "शेठ, विटा काय वजनावर घेतात?"

"मग गटार अंदाजानं वाहू दे म्हणता?"

वीट हलकी भरली. सगळ्या विटा परत गेल्या.

*

कोळीवाड्यातली जनाबाई दिव्याचा खांब मागायला आली. शेठनी कबूल केला. बाई हलेना.

"वर एक घाला की! आमी कोलंबी देताना वर मूठभर घालतो का न्हाय?"

बरोबरच होतं. खांब दोन लागले. तालुक्याचे साहेब चौकशीला आले. "मंजुरी एकाची. हा दुसरा कुठला?"

"तो वरचा," शेठ म्हणाले.

साहेब चहा पिऊन गेले.

*

दुसऱ्या निवडणुकीला मात्र शेठचा जीव टांगणीला. कोळीवाड्याची नळयोजना अर्ध्यावर होती. "तिथं पाणी आलेलं बघू दे, मग खुशाल घरी बसवा," म्हणायचे. समोर मधू पाटील. त्याचं म्हणणं, नळ राहू दे, आधी गावाला स्वागत कमान!

मतदानाच्या दिवशी शेठ गल्ल्यावरून उठेनात. का, तर भवानी झाली नव्हती. दिवसाची पहिली विक्री झाल्याशिवाय ते कधी दुकान सोडत नाहीत. आख्खं गाव मतदानाला, गिऱ्हाईक येणार कुठून?

"मी घेतो काडेपेटी!" मी म्हटलं.

"घरच्या माणसाची भवानी धरत नाहीत."

माझं डोकंच फिरलं.

मतदान संपत आलं आणि दुकानात कोण शिरावं? मधू! "शेठ, एक नारळ द्या. आणि चला आता, मतही मलाच द्या!" तो हसला, आम्हीही हसलो. शेठनी पैसे कपाळाला लावले, शटर ओढलं आणि मधूच्याच स्कूटरवर बसून मतदानाला गेले.

निकाल लागला. मधू एका मतानं निवडून आला.

मी धावत दुकानात गेलो. रडायचाच बाकी होतो. "शेठ, खरं सांगा, मत कुणाला दिलंत?"

शेठ सुपारी कातरत होते.

"भवानीच्या गिऱ्हाइकाला," ते म्हणाले, "नाही म्हणतात का रे कधी?"